चुकलं-माकलं पोटात घाल

आमच्या बावधनमध्ये दोन बावधन आहेत. एक बावधन खुर्द, एक बावधन बुद्रुक. मुळशी तालुक्यातलं बुद्रुक 2021 साली इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं, खुर्द त्याआधीच आलं होतं. सातबारा, वीजबिल, रिक्षावाल्याशी घासाघीस, सगळीकडे हे दोन शब्द येतात. मी मुलांना विचारते, खुर्द म्हणजे काय रे? वर्ग गप्प. मग मी फळ्यावर लिहिते, खुर्द म्हणजे लहान. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरला. दोन्ही शब्द फारसी. मुलं हसतात. "म्हणजे मॅडम, आपल्या गावाच्या नावात तुमची भाषा आहे?"

"तुमची भाषा" हे मला दर वर्षी ऐकावं लागतं. मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. उर्दूच्या तासाला मुलांना वाटतं की मराठी माझी पाहुणी आहे आणि मराठीच्या तासाला वाटतं की मीच पाहुणी आहे. मी त्यांना सांगते, बुजुर्गचं बुद्रुक कुणी केलं? काझीने नाही, पाटलानेही नाही. बाजाराला जाणाऱ्या माणसांनी केलं. त्यांच्या तोंडाला "बुजुर्ग" जड गेलं, त्यांनी ते आपल्या तोंडाएवढं करून घेतलं. शब्दाचं मोठेपण त्यात गेलं नाही. थोरलं गाव थोरलंच राहिलं.

ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. तिचा खरा अर्थ मात्र मला अम्मी गेल्यावर कळला.

अम्मी गेल्या पावसाळ्यात गेली. तिचं माहेर श्रीगोंदा तालुक्यातलं, सासर नगरकडचं. शेवटची सहा वर्षं ती माझ्याकडे बावधनला होती. तिला लिफ्टची भीती वाटायची, म्हणून ती दुपारभर खाली पार्किंगच्या कट्ट्यावर बसायची. तिथे तिची आणि समोरच्या इमारतीतल्या काकूंची मैत्री झाली. काकू मुळशीतल्याच, धरणाकडच्या गावातल्या. दोघींची भाषा म्हणजे एक खिचडी होती. अम्मी दखनी मिसळून मराठी बोलायची, काकू मावळी मराठी. गुडघेदुखी, सुना, भाजीचे भाव आणि जातं. दोघींनीही लहानपणी दळलं होतं, दोघींनाही दळतानाच्या ओव्या येत होत्या. एक म्हणायची, दुसरी तिला आपली जोडायची.

तिसऱ्या दिवशी घरी जियारत होती. आमच्याकडे बायका चादरीवर गोल बसतात. मधे खजुराच्या बियांची रास असते. कुणी सिपारा घेऊन वाचतं, कुणी एकेक बी उचलून दुआ म्हणतं आणि पलीकडे ठेवतं. काकू आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ चादरीच्या कडेला येऊन बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "पोरी, या बियांवर काय म्हणत्यात गं? मला सांग मराठीत. मलाबी म्हणायचंय तिच्यासाठी."

माझ्या हातात बी.एड.ची पदवी आहे. वीस वर्षं मी दोन भाषांच्या मधे उभी राहून पोरांना अर्थ सांगते. आणि त्या क्षणी मला एक साधं वाक्य सापडेना. आम्ही मगफिरत मागत होतो. मी म्हणाले, "काकू, ते म्हणजे… क्षमायाचना… मृताच्या पापांबद्दल ईश्वराकडे…" माझं मलाच ते नोटीस बोर्डावरचं वाटलं. काकूंनी मला मधेच थांबवलं.

"म्हणजे देवा, हिचं काही चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल, असंच ना?"

मी मान हलवली. त्यांनी मूठभर बिया आपल्या पुढ्यात ओढल्या आणि एकेक बाजूला ठेवत पुटपुटायला लागल्या. माझ्या डोळ्यांतून तीन दिवसांत न आलेलं पाणी तेव्हा आलं.

रात्री सगळे गेल्यावर भाईजान माझ्याशी बोलले. ते गावी असतात. मशिदीत मगरिबनंतर पोरांना दीनचं शिकवतात. आवाज चढवून बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. म्हणाले, "त्या बाईंच्या नियतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. अल्लाह त्यांना खुश ठेवो. पण अम्मीच्या जियारतमध्ये 'देवा' म्हणून बिया मोजल्या गेल्या आणि तू मान हलवलीस. तू शिक्षिका आहेस. आज शब्द बदलला, उद्या अर्थ बदलेल, परवा काय उरेल?"

मी उत्तर दिलं नाही. भाईजानना उत्तर नको होतं, त्यांना भीती वाटत होती. आणि ती भीती खोटी नाही, हे मला माहीत होतं. शब्द बदलला की अर्थ कसा घसरतो ते मी रोज वर्गात पाहते.

जकातचंच घ्या. मराठी मुलाला जकात म्हटलं की नाका आठवतो. पुण्यात 2013 पर्यंत जकात होती. वेशीवर ट्रकच्या रांगा लागायच्या, पावत्या फाटायच्या. पोरांच्या बापांनी ते भोगलं आहे. मी सांगते की ज्याच्याकडे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीएवढी शिल्लक वर्षभर टिकली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा, तो गरिबाचा हक्कच आहे. पोरगं विचारतं, "आणि नाही दिली तर गाडी अडवतात?" शब्द तोच आहे, अगदी अरबीतून आलेला, पण मराठीच्या वाटेवर तो नाक्यावर अडकला आणि तिथेच राहिला.

रोजा म्हणजे उपवास असं सांगितलं की मुलांच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते. "पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न दर रमजानला ठरलेला. मेहर सांगताना तर फारच सांभाळावं लागतं. माझ्या भाचीच्या निकाहला शेजारपाजारचे, ऑफिसातले असे बरेच मराठी पाहुणे होते. माइकवर मेहरची रक्कम जाहीर झाली आणि मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "हुंडा असा उघड सांगतात?" हुंडा मुलीच्या बापाकडून जातो, मेहर नवऱ्याने नवरीला द्यायचा असतो. गंगा उलटी वाहते. पण लग्नातली रक्कम म्हटली की मराठी कानाला एकच शब्द माहीत. त्याच लग्नात नवरीकडून होकार आणायला वकील आत गेले, तेव्हा एका आजोबांनी मला काळजीने विचारलं होतं, "कोर्टाचं काही लफडं आहे का?"

हसू येतं, पण यातच सगळं आहे. एखादा विचार एका माणसांतून दुसऱ्या माणसांत न्यायचा तर त्याला तिथला शब्द द्यावा लागतो आणि तिथल्या शब्दाला स्वतःचं एक घर आधीच असतं. तुम्ही पाहुणा पाठवता आणि तो भलत्याच घरी उतरतो. म्हणून भाईजानसारखी माणसं म्हणतात, पाहुणा पाठवूच नका. शब्द तसाच ठेवा, कळला तर कळला.

पण मग मी उर्दूच्या तासाला काय शिकवते, तेही मला आठवतं. नमाज हा शब्द अरबी नाही. कुरआनमध्ये सलात आहे. इराणी माणसांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा त्यांच्याकडे वाकण्यासाठी, वंदनासाठी आधीपासून एक शब्द होता, तो त्यांनी सलातला दिला. तो शब्द आणि आपल्या नमस्कारातला "नमस्" एकाच कुळातले आहेत. रोजा हाही फारसी, रोज म्हणजे दिवस, त्यातून. खुदा फारसी, फरिश्ता फारसी, पैगंबर फारसी. म्हणजे ज्या शब्दांना हात लावू नये असं आम्हाला वाटतं, ते स्वतःच कुणीतरी कधीतरी धीर करून केलेले बदल आहेत. इराणातल्या कुठल्यातरी भाईजानलाही तेव्हा वाटलं असेल की आज सलातची नमाज झाली, परवा काय उरेल. उरलं. आज बावधनमध्ये मी पाच वेळा पढते तीच उरली.

हा वाद तर आठव्या शतकात इमाम अबू हनीफांच्या पुढेही होता. नमाजमध्ये कुरआनचा फारसी अर्थ वाचला तर चालेल का? त्यांनी मोकळीक दिली. त्यांच्याच दोन थोर शिष्यांनी ती आवळली, ज्याला अरबी जमतच नाही त्याच्यापुरतीच ठेवली. पुढे नमाज अरबीतच राहिली आणि मला ते योग्य वाटतं. जगात कुठेही गेलं तरी सफेत उभं राहता यावं, यासाठी काहीतरी सगळ्यांचं एक हवं. पण अर्थ? अर्थाला भाषेची बंदी कधीच नव्हती. सूरह इब्राहीममध्येच आलं आहे की प्रत्येक पैगंबराला त्याच्या लोकांच्या भाषेत पाठवलं गेलं, कारण त्याला ते उलगडून सांगता यावं. भाषांचा आणि रंगांचा वेगळेपणा ही अल्लाहची निशाणी आहे, असं सूरह रूम सांगते.

आणि उर्दू? आज उर्दू म्हटलं की लोकांना ती दीनची भाषा वाटते. भाईजान मशिदीत उर्दूत बोलतात तेव्हा त्यांना वाटतं की आपण मूळ भाषेत बोलतोय. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुरआनचा फारसी अनुवाद केला, कारण सामान्य वाचणाऱ्याला तेव्हा अरबी कळत नव्हती. पुढच्या पिढीला फारसीही कळेना, तेव्हा त्यांच्या दोन मुलांनी उर्दूत अनुवाद केले. दोघांची तऱ्हा वेगळी. शाह रफीउद्दीन यांनी शब्दाखाली शब्द ठेवला. शाह अब्दुल कादिर यांनी लोकांच्या बोलण्यातली उर्दू घेतली, मुहावरा घेतला. एकाच घरात, एकाच बापाची दोन मुलं, आणि दोन्ही वाटा. मला हे चित्र फार आवडतं. आमच्या घरातही तेच चाललं होतं की.

पण त्या साखळीचं पुढे काय? अरबी कळेना म्हणून फारसी, फारसी कळेना म्हणून उर्दू. माझी मुलगी नववीत आहे. तिला उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. उर्दूच्या शिक्षिकेची मुलगी, हो, आणि हा माझा रोजचा सल आहे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी मराठी, घरात थोडी दखनी. तिच्यासाठी पुढची कडी कोणती? ती मराठी नसेल तर साखळी तिच्याशीच तुटणार आहे. भाईजान म्हणतात, परवा काय उरेल. मी म्हणते, न बदलता ठेवलं तर परवा कोणापाशी उरेल?

ही काळजी मी एकटीच करत नाही. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांनी ते उभं केलं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातला मुसलमान मराठीत हसतो, भांडतो, स्वप्नं पाहतो, मग त्याने आपलं सुखदुःख आणि आपला दीनही मराठीत का मांडू नये, हाच त्यामागचा साधा प्रश्न होता.

आणि हा प्रश्न 1990 च्याही फार आधीचा आहे. अम्मीच्या माहेरी, श्रीगोंद्याला, शेख महंमदांचं स्थान आहे. सतराव्या शतकातले हे मुसलमान संत. मराठीत "योगसंग्राम" लिहिणारे. त्यांचे गुरू चांद बोधले. शेख महंमद स्वतःला अविंध म्हणवून घेत, म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान. आपण कोण आहोत ते लपवलं नाही, आणि ओवी मात्र ज्ञानोबा-एकनाथांच्या घरची वापरली. अम्मीला त्यांच्या ग्रंथातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "अमारे गावचे बाबा." तेवढं तिला पुरे होतं.

त्याहून मला जवळचं वाटतं ते विजापूरच्या सूफींनी केलेलं काम. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की बायकांना फारसी येत नव्हती, आणि घर तर बायकांच्या हातात होतं. मीराँजी शम्सुल उश्शाक यांनी साध्या लोकांच्या बोलीत लिहिलं आणि ते का लिहिलं याचं कारणही देऊन ठेवलं: ज्यांना अरबी-फारसी येत नाही त्यांच्यासाठी. त्यांच्या परंपरेत पुढे चक्कीनामे झाले. चक्की म्हणजे जातं. दळताना म्हणायची दखनी गाणी. त्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचं पहिलं अक्षर, तसाच ताठ आणि एकटा. अशी एकेका भागाची ओळख लावत, हात फिरवत बाई जिक्र शिकायची. मदरसा नाही, पाटी नाही. पहाटेचं जातं हाच मदरसा.

आता हे बघा. जात्यावर गाणं म्हणणं ही सूफींची कल्पना नव्हती. ती इथल्या बायकांची होती. आमच्याच मुळशीच्या डोंगरातल्या बायकांच्या ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, आणि अशा एक लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्रभरातून जमल्या. सूफींनी नवं जातं आणलं नाही. त्यांनी चालू जात्यात एक मूठ टाकली. काकू आणि अम्मी कट्ट्यावर बसून एकमेकींच्या ओव्या जोडत होत्या, त्यात कोणती मूठ कुणाची हे मला आज सांगता येणार नाही.

दुसऱ्यांच्या घरी काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमधून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले. 1616 मध्ये त्यांचं "क्रिस्तपुराण" राचोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. येशूची कथा, पण नाव पुराण, छंद ओवी, स्वर्गासाठी वैकुंठ. त्यांचं मराठीवरचं प्रेम खरं होतं. पण त्या पुस्तकातच एक नवख्रिस्ती माणूस विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत आम्ही वाचायचं काय? तो प्रश्न वाचताना मी थांबते. कारण त्या गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. आधी माणसाचं पुस्तक काढून घ्यायचं आणि मग त्याच्याच छंदात आपलं द्यायचं, हेही रूपांतरच, पण त्याला एक कडवट वास आहे. त्याच सत्तेने पुढे 1684 मध्ये लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम काढला.

याउलट नारायण वामन टिळक. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचा अभंग त्यांनी टाकला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानायचे. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही टाळावर म्हटली जातात. त्यांचं अपुरं "ख्रिस्तायन" लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. इथे कुणी कुणावर काही लादलं नव्हतं. माणसाने नवं घर बांधलं आणि आईची भांडी बरोबर नेली, एवढंच.

आणि पंडिता रमाबाई. आमच्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ज्या बाईला संस्कृतसाठी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं गेलं, तिने अनुवाद करताना संस्कृत शब्द बाजूला ठेवले. तिच्या आश्रमातल्या साध्या, खेड्यातल्या, टाकून दिलेल्या बायकांना कळेल अशी मराठी घेतली. आणि काही संस्कृत शब्द त्यांनी यासाठीही टाळले, की ते बरोबर दुसराच अर्थ घेऊन येतात. म्हणजे सोपेपणाही पाहिला आणि घसरणही पाहिली. 1922 मध्ये हे काम संपवून लगेच त्या गेल्या. मला अनुवादाचा याहून चांगला पाठ माहीत नाही. मी त्या दिवशी काकूंना "क्षमायाचना" म्हणाले तेव्हा रमाबाई असत्या तर माझा कान धरला असता.

देव की अल्लाह, हा प्रश्न तर जगभर भांडतो आहे. अरब ख्रिस्ती लोक शतकानुशतकं प्रार्थनेत अल्लाहच म्हणतात. मलेशियात मात्र ख्रिस्ती साप्ताहिकाने अल्लाह शब्द छापू नये असा निकाल 2013 मध्ये अपील कोर्टाने दिला, आणि 2021 मध्ये दुसऱ्या खटल्यात हायकोर्टाने ख्रिस्ती माणसांना तो शब्द वापरायला मोकळं केलं. तिथे मुसलमानांना भीती होती की आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेला तर काय होईल. इथे भाईजानना भीती की दुसऱ्याचा शब्द आपल्या तोंडी आला तर काय होईल. भीती एकच.

मग मर्यादा नाहीच का? आहे. मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे, ती शिक्षिकेची आहे, आलिमची नाही. शब्द दिल्यावर ऐकणाऱ्याला मी दुसऱ्याच गावाला तर नेऊन सोडलं नाही ना? आमच्याकडे कुणी गेलं की मराठी मित्र लिहितात, आत्म्यास शांती लाभो. प्रेमाने लिहितात, मी ते प्रेमानेच घेते. पण मगफिरतचा अर्थ म्हणून मी तो देणार नाही. आम्ही शांती मागत नाही. आम्ही हिशेबाच्या दिवशी माफी मागतो. ते दुसरं गाव आहे. कालिकतच्या मिश्काल मशिदीला घुमट नाही, मीनार नाही, केरळी लाकडी छपरं एकावर एक चढत गेली आहेत. पण आतली सफ किब्ल्याकडेच तोंड करून उभी राहते. छप्पर गावाचं, दिशा काब्याची. छप्पर बदलायला मी कधीच घाबरणार नाही. दिशा बदलली तर मात्र भाईजानच्या शेजारी उभी राहीन.

आता त्या कसोटीवर काकूंचं वाक्य लावून पाहा.

मी ते बरेच दिवस डोक्यात घोळवत होते. मगफिरतचं मूळ गफर. अरबीत त्याचा पहिला अर्थ झाकणं. लढाईत डोकं झाकायला जे शिरस्त्राण घालतात त्याला मिगफर म्हणतात, त्याच मुळातून. म्हणजे मगफिरत मागणं म्हणजे, या अल्लाह, माझ्या चुका झाक, त्यांच्या वारापासून मला वाचव. मराठीत झाकण्याला "पांघरूण घालणं" आहे, पण त्याला भ्रष्टाचाराचा वास येतो, पांघरूण चौकशी समितीवाले घालतात. "पोटात घालणं" मात्र आई करते. पोराने केलेली चूक ती गावभर सांगत नाही, गिळून टाकते, आणि पोराला जवळ घेते. आणि रहमत, रहमान, रहीम हे शब्द ज्या मुळातून येतात, त्याच मुळातून अरबीत गर्भाशयाचा शब्द येतो. रहिम म्हणजे आईचं पोट.

मी वीस वर्षं उर्दू शिकवते. मगफिरतचा अर्थ बक्षिश, माफी असा लिहून देत आले. मुळशीच्या एका शाळा न शिकलेल्या बाईने तो पोटापर्यंत नेऊन पोचवला. तिने मला दुसऱ्या गावाला सोडलं नाही. तिने मला त्या शब्दाच्या माजघरात नेलं.

हे सगळं मी भाईजानना एकदम सांगितलं नाही. बकरी ईदला गावी गेले होते तेव्हा, रात्री ओट्यावर बसून, फक्त मिगफर आणि रहिमचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग "चल, झोप आता" म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मशिदीत पोरांना इस्तिगफार शिकवत होते. पोरं मराठी शाळेतली, उर्दूचे शब्द डोक्यावरून जात होते. "ते तुझ्या काकूंचं काय होतं?" त्यांनी विचारलं. "चुकलं-माकलं…?"

"पोटात घाल," मी म्हणाले.

"हां. तेवढं चालेल." मग थोडं थांबून, "पण 'देवा' नाही सांगणार मी. 'या अल्लाह' ठेवणार."

"ठेवा की भाईजान. मी कुठे नको म्हणते?"

"आणि त्यांना सलाम सांग. अम्मीच्या बरसीला बोलव."

बरसीला काकू आल्या. बिया अम्मीच्याच होत्या, तिच्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या. माझी मुलगी एका हाताने बिया सरकवत होती आणि ओठांनी काहीतरी म्हणत होती. मी कान देऊन ऐकलं नाही, की ती कोणत्या भाषेत म्हणतेय. तिच्या शेजारी काकू बसल्या होत्या आणि दोघींच्या बिया मधेच एकत्र झाल्या होत्या. मोजणी चुकली असणार. ती पोटात घालणारा घालेल.